पाण्याची बाजू

मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे, आणि आता मला जोडायला काही उरलेले नाही. माशांच्या काचपेटीला भोक पाडून पाण्याचा पाइप बाहेर काढतात, त्या भोकात मला बसवतात. माझे अंग काळ्या प्लॅस्टिकचे आहे. एका टोकाला रुंद कड, पुढे आटे, आट्यांवर फिरणारा नट. कड पेटीच्या आत राहते, नट बाहेर. कड आणि काच यांच्यामध्ये रबराची चकती असते, तिला वायसर म्हणतात. पाणी खरे तर ती अडवते. नाव मात्र माझे होते.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो. तिथून आफ्रिकेतल्या मलावीच्या सरोवरकाठी, न्काली गावातल्या एका गोदामात आलो. गोदामात काचपेट्यांच्या रांगा होत्या. सरोवराच्या खडकांत राहणारे रंगीत मासे पाणबुडे पकडून आणत आणि ते विमानाने परदेशी जात. सात वर्षे मी तिथे काम केले. रोज सकाळी मुकादम प्रत्येक सांध्याखालून बोट फिरवी. माझ्याखालून ते कोरडे निघे. "हा शहाणा आहे," तो म्हणे. माझी एवढीच स्तुती झाली, पण ती रोज झाली.

मग गोदाम बंद पडले. सर्वांत जुने पाणबुडे डाफुलेनी, इथल्या आदराच्या बोलीत बाम्बो डाफुलेनी, यांनी निरोपादाखल एक पेटी मागून घेतली. त्या पेटीत मी होतो. त्यांनी ती घराच्या ओट्यावर ठेवली. पाणी माझ्यातून वाळूच्या पिंपात उतरे, गाळून निघे आणि उन्हावर चालणारा पंप ते परत वर चढवी.

पेटीत एकाच जातीचे अकरा मासे होते. निळे, शेपटीला पिवळी किनार. ते फक्त न्कालीसमोरच्या एका खडकापाशी राहत. डाफुलेनींनीच तिथून हजारो मासे पकडून दिले होते. उरलेले बारीक जाळ्यांनी नेले. शेवटी पुरात नदीने आणलेला गाळ खडकावर बसला. घरातले मासेही नऊ वर्षांत एकेक करून संपले. शेवटचा नर गेल्या महिन्यात मेला. मागे एक मादी राहिली, तोंडात अंडी घेऊन.

या माशांची आई अंडी आणि पुढे पिल्ले तीन आठवडे तोंडात सांभाळते. तेवढे दिवस ती खात नाही. तिला पकडले, घाबरवले, तर अंडी गिळते किंवा थुंकून टाकते. त्या खडकावरच्या जातीचे जे काही उरले होते, ते त्या एका तोंडात होते.

त्याच दिवसांत मी गळू लागलो.

या नऊ वर्षांत माझ्याखालून कोणी बोट फिरवले नव्हते. वायसर उन्हाने कडक झाला होता आणि त्याला चीर गेली होती. पहिल्या दिवशी माझ्याखाली ठेवलेला पत्र्याचा मग दुपारपर्यंत भरला. चौथ्या दिवशी चहा उकळेपर्यंत भरू लागला. डाफुलेनींच्या पत्नी, ज्यांना सगळे अबिती म्हणत, सरोवराचे पाणी बादलीने आणून हळूहळू पेटीत सोडत.

"तिला घमेल्यात ठेवा ना," त्या म्हणाल्या.

"हात लावला की थुंकेल. अजून आठ दिवस."

"मग आठ दिवस मी बादल्या वाहते. तुम्हाला काय, पाणबुड्याला पाण्याचं वजन कुठं कळतं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाम्बो चिसाले आपणहून आले. होड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारा या काठावर कोणी नाही. त्यांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून आणला होता, मापाला अचूक. पेटीत चार बोटे पाणी ठेवून त्यांनी मला सोडवले. मादी घाबरू नये म्हणून पेटीवर ओली चादर धरली होती. ती एका दगडामागे गप्प होती.

चिसाल्यांनी मला भोकात घातले, कड आत, नट बाहेर. पण नवा वायसर त्यांनी बाहेरून, नटाखाली बसवला.

"आधीचा आतल्या बाजूला होता ना?" अबिती म्हणाल्या.

"अबिती, तुम्ही न्सिमा घोटता तेव्हा मी विचारतो का, पळी कुठल्या हातात धरलीय?" चिसाले हसले. "चाळीस वर्षं मी पाण्याला बाहेरच अडवतोय. पाणी बाहेरून येतं."

होडीत ते खरे आहे. तिथे पाणी बाहेर असते आणि फळ्यांच्या फटी बाहेरूनच बुजवतात. पेटीत पाणी आत होते.

डाफुलेनींनी माझ्याकडे पाहिले. गोदामात त्यांनी माझ्यासारखे शेकडो सांधे पाहिले होते. पण न बोलावता मदतीला आलेल्या कारागिराची चूक त्याच्या तोंडावर काढायची नाही, ही इथली रीत.

"तुम्ही म्हणाल तसं, बाम्बो," ते म्हणाले.

पेटी भरली. तासभर थेंब आला नाही. अबितींनी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि सुकी मासळी वाढली. जेवणे चालू असतानाच पाणी माझ्या कडेखालून शिरले, आट्याआट्याने फिरत नटातून बाहेर आले आणि मगात टपकले.

"आवळायला हवं," चिसाले म्हणाले. त्यांनी मोठा पान्हा लावला. लाकूड करकरेपर्यंत बोल्ट आवळायची त्यांना सवय. करकरले की थांबायचे.

"राहू दे आता, बाम्बो," डाफुलेनी म्हणाले.

"अर्धा फेरा फक्त."

काच करकरत नाही. ती एकदाच वाजते. माझ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत चीर गेली, तुकडा निखळला आणि सगळे पाणी ओट्यावरून अंगणात गेले. मी पेटीबाहेर पडलो. डाफुलेनींनी पेटीच्या तळच्या वाळूत हात घालून मादीला उचलले आणि घमेल्यात सोडले. तिने तोंड उघडले. सतरा पिल्ले बाहेर पडली. पोटाशी अजून अंड्याचा पिवळा बलक लोंबत होता. त्यांना पोहता येत नव्हते. ती तळाशी एका कुशीवर पडली. आईने त्यांना परत तोंडात घेतले नाही.

चिसाले पान्हा हातात धरून उभे होते. "मी उद्या नवी काच..."

"उद्या कशाला?" डाफुलेनी म्हणाले. मग त्यांना रीत आठवली असावी. "चहा घेऊन जा, बाम्बो."

चहा कोणी प्यायला नाही. दोन दिवसांत सतराही पिल्ले पांढरी पडली.

मादीला डाफुलेनींनी होडीतून खडकाकडे नेऊन सोडले. ते ओल्या अंगाने परतले तेव्हा अबितींनी विचारले, "खडक दिसला?"

"दिसला," ते म्हणाले. अबितींनी पुढे काही विचारले नाही. तेही रीतीलाच धरून होते.

आता मी ओट्याच्या कठड्यावर असतो. नट अजून माझ्यावर घट्ट आहे, ट्यूबचा वायसर चुकीच्या बाजूला आहे, आणि तो काढायचे कोणाला कारण नाही. सकाळी अबिती सवयीने एक बादली जास्त आणतात. ओट्यापाशी येऊन थांबतात आणि ती पपईच्या झाडाला ओततात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर रोज त्याच्याखालून बोट फिरवा. दुरुस्त करायला बसाल तेव्हा आधी पाहा, पाणी कुठल्या बाजूला आहे. आणि ते तुम्हाला दिसले असेल, तर समोरचा कितीही मोठा कारागीर असो, पान्हा लागण्याआधी बोला. त्या दिवशी ओट्यावर आम्हा तिघांना ते माहीत होते. त्यांतल्या फक्त मला तोंड नव्हते.