बल्ब लावायचा राहिला

गाण्यात ड्रमचा पहिलाच ठोका पडला आणि आवाजाने नांगी टाकली. थोरल्याने अँप्लिफायर बंद केला, आडवा पाडला आणि बुडाचा पत्रा खोलला. त्याने स्वतःच्या हाताने तार गुंडाळून बनवलेला वजनदार ट्रान्सफॉर्मर जागेवर नव्हता. तिथे मुठीएवढं बाजारी डबडं बसवलेलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली. खिळ्याला दोन तारांचा बल्ब लटकत होता, त्याच्याकडे हात गेलाच नाही.

वास्तविक बल्बचा नियम त्याचाच. यंत्र बंद केलं तरी कपॅसिटरांत वीज दबा धरून बसते. ती आपोआप उतरवणारा रेझिस्टर तो बसवत नसे, कारण म्हणे त्याने आवाज गढूळ होतो! खूळच ते. म्हणून आधी कपॅसिटरला बल्ब लावायचा, तो विझला की मगच आत बोटं घालायची.

धाकटा भाऊ आत आला आणि उंबऱ्यातच त्याच्या थोबाडीत बसली.

"कुठाय ट्रान्सफॉर्मर?"

"भंगारात! लोकांना गाणं हवंय दादा, लोखंड नकोय."

थोरल्याने त्याची मानगूट धरून त्याला कपाटावर आदळलं. धाकट्याने पक्कड उचलून थोरल्याच्या कपाळावर हाणली. रक्त डोळ्यांत उतरलं. तेवढ्यात धाकट्याने स्पीकरच्या पडद्यात लाथ घातली, एकदा, दोनदा, त्याच्या चिंध्या होईपर्यंत. दोघे सख्खे भाऊ, पण त्या घटकेला हाडवैरी परवडले.

"आता हेही फोडतो तुझं!"

तो अँप्लिफायरकडे वळला. जुन्या ट्रान्सफॉर्मरसकट ते धूड दोघांनाही जड जायचं. आता ते एकट्याला उचलता येणार होतं, ही त्याचीच करणी. बूड उघडं म्हणजे वीज उतरवलेलीच असणार असं धरून, आतून पकड घ्यायला त्याने हात पुढे केला.

थोरल्याला सगळं दिसलं. तो हात, कपॅसिटरची उघडी टोकं, खिळ्यावरचा बल्ब. "थांब" एवढंच म्हणायचं होतं. पण मनात आलं, मरू दे. आणि तो गप्प राहिला.

मग काळीज हललं, पण ओरडायची वेळ निघून गेली होती. हाताशी हातोडा होता. त्याने तो धाकट्याच्या मनगटावर सगळ्या ताकदीने घातला. हाड कडकन मोडलं.

"हात मोडलास माझा! राक्षसा!" धाकटा जमिनीवर गडाबडा लोळत किंचाळत होता.

थोरल्याने बल्बच्या तारा कपॅसिटरला टेकवल्या. बल्ब लख्ख पेटला, सगळी खोली उजळली, मग तो सावकाश विझत गेला.

किंकाळी थांबली. धाकटा विझलेल्या बल्बकडे बघत राहिला.

"दादा, मी हात घालताना तू बघत होतास?"

"हो."

"मग ओरडला का नाहीस?"

थोरला खाली बसला आणि मोडलेला हात धरायला पुढे सरकला. धाकटा सरपटत मागे गेला, पाठ भिंतीला लागेपर्यंत.