चौदाव्या ओव्हरचा चौथा चेंडू

पंचांनी उजवा हात उघडा करून डोक्यावर धरला, आणि सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्चीत बसलेल्या वहीबाईंचा हात आपोआप वर गेला. दुसऱ्या हातात थर्मासचं झाकण होतं, त्यातला चहा हिंदकळून साडीवर सांडला. पंचांनी त्यांचा हात पाहिला, मान हलवली आणि गोलंदाजाला पुढचा चेंडू टाकायला सांगितलं. वहीबाईंनी झाकण खाली ठेवलं, पेन्सिल उचलली आणि वहीत त्या चेंडूच्या घरात एक छोटा त्रिकोण काढला. त्रिकोण म्हणजे बाय. चेंडू बॅटला लागला नव्हता, कीपरच्या हातूनही सुटला होता, आणि तेवढ्यात दोघा फलंदाजांनी पळून एक धाव काढली होती.

सगळं रीतसर झालं होतं. फक्त त्या मॅचच्या स्कोअरर वहीबाई नव्हत्या.

खरं टेबल त्यांच्यापासून दहा पावलांवर होतं. पाहुण्या संघाची फलंदाजी असल्यामुळे स्कोअर त्यांचीच माणसं आळीपाळीने लिहीत होती. आदल्या चेंडूवर विकेट पडली, आणि लिहिणाराच पुढचा फलंदाज निघाला. तो वही टेबलावर टाकून पळाला. ज्याने वही घ्यायची तो बाकाखाली गुडघे टेकून आपला दुसरा ग्लोव्ह शोधत होता. टेबलावर एका चेंडूपुरतं कुणीच नव्हतं. वहीबाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

पाहायची सवयच नव्हती. आपल्या गावच्या जिमखान्यावर त्यांनी एकतीस वर्षं स्कोअर लिहिला होता, आणि एकतीस वर्षं टेबल म्हणजे त्या स्वतः होत्या. नियम साधा होता. पंचांनी खूण केली की स्कोअररने हात वर करायचा, आणि तो हात दिसल्याशिवाय पंचांनी पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. बहुतेक मॅचना पंच म्हणून त्यांचे यजमानच असत. नवरा उन्हात, बायको मांडवात, मध्ये सत्तर पावलांचं अंतर. जिमखान्यातले लोक म्हणायचे, यांचा संसार निव्वळ हातवाऱ्यांवर चाललाय.

त्यात फारसं खोटं नव्हतं. पंचांच्या खुणांमध्ये एक खूण क्वचितच लागते. दिलेला निर्णय चुकला असं पंचांच्या लक्षात आलं की ते दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घेऊन विरुद्ध खांद्यांवर ठेवतात. म्हणजे, आधीची खूण मागे घेतली. मैदानावर यजमानांना ती वर्षातून एकदा लागायची. घरी महिन्यातून दोनदा. तोंडाने चुकलं म्हणणं त्या माणसाला कधी जमलं नाही. भांडण झालं की तासाभराने ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन तसे उभे राहायचे, आणि वहीबाई आपल्या सवडीने हात वर करायच्या.

ते गेल्याला दीड वर्ष झालं होतं. लेकीने आईला आपल्याकडे, या परक्या देशात आणलं त्याला सात आठवडे. लेक आणि जावई सकाळी कामाला गेले की घरात कपड्यांच्या मशीनशिवाय कुणी बोलत नसे. पहिल्या रविवारी जावई म्हणाला होता, "आई, आमची मॅच बघायला चला. काही नाही तर वारा लागेल." जावई त्या संघाचा कप्तान आणि कीपर. संघात एक औषधाच्या दुकानातला, दोन टॅक्सीवाले, एक न्हावी, एक आचारी. अकरा माणसं आणि सात भाषा. चार वर्षं हा संघ नेमाने हरत होता.

त्या पहिल्या रविवारी वहीबाईंनी पिशवीतून वही काढली, ती घरच्या सवयीने. दुसऱ्या रविवारी पंचांनी त्यांचा वर गेलेला हात पाहिला. हे पंच म्हातारे होते, बसचालक म्हणून निवृत्त झालेले, आणि चेहऱ्यावर अजून थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहण्याची नजर. पुढे पुढे ते खूण टेबलाकडे करायचे, पण उत्तर वहीबाईंच्या खुर्चीकडे शोधायचे. टेबलावरची पोरं फोनमध्ये डोकं घालून बसलेली असत. खुर्चीतली बाई कधी चुकत नसे. ती खुर्चीही पंचांचीच. तिसऱ्या रविवारी बाकाचा ओलावा पाहून त्यांनी ती आपल्या गाडीतून काढून आणली आणि एक शब्द न बोलता उघडून ठेवली. बोलून उपयोगही नव्हता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

कुत्रा फिरवायला येणारी एक बाई मात्र येता-जाता बोलायची. साडी पाहिली की ती उभी राहून कुठल्याशा सिनेमातलं गाणं गुणगुणायची, मान डावी-उजवीकडे हलवायची आणि अपेक्षेने पाहायची. वहीबाईंनी तो सिनेमा पाहिला नव्हता. गेल्या वीस वर्षांत त्यांनी कुठलाच सिनेमा पाहिला नव्हता, रविवार सगळे मैदानावर गेले होते. पण तिचं मन मोडवेना, म्हणून त्याही मान हलवायच्या. कुत्रा तेवढा दोघींकडे संशयाने बघायचा.

आज मॅच रंगली होती. जिंकले तर जावयाचा संघ पहिल्यांदा सेमीफायनलला जाणार होता. हरले किंवा बरोबरी झाली तर पाहुणे जाणार होते, त्यांचे आधीचे गुण जास्त होते. जावयाच्या संघाने एकशे त्रेचाळीस केल्या होत्या. शेवटच्या चेंडूवर पाहुण्यांचा फलंदाज धावबाद झाला आणि टेबलावरून आकडा ओरडून सांगण्यात आला, एकशे बेचाळीस.

एका धावेने.

अकराही जण मैदानात एकमेकांच्या अंगावर पडले. न्हाव्याने फोनवर गाणं लावलं, आणि ते नेमकं कुत्रेवाल्या बाईचंच गाणं होतं. सातही भाषांची माणसं एकाच तऱ्हेने मान हलवून नाचायला लागली.

वहीबाईंनी आपल्या वहीची बेरीज केली. मग उलटीकडून केली. फलंदाजांच्या धावा, अवांतर धावा, गोलंदाजांचा हिशेब, सगळं जुळलं. एकशे त्रेचाळीस.

त्या उठून टेबलाशी गेल्या. वही उघडीच पडली होती. त्यांनी बोट फिरवत चौदावी ओव्हर काढली. चौथ्या चेंडूच्या घरात त्रिकोणाऐवजी ठिपका होता. ठिपका म्हणजे धाव नाही. एक चेंडू उशिरा आलेल्याने कुणाला विचारलं असेल नसेल, रिकामं घर ठिपक्याने भरून टाकलं होतं. वहीबाईंनी टेबलाकडे पाहिलं, मग आपल्या खुर्चीकडे, आणि मग आपल्या उजव्या हाताकडे.

"अहो, जरा इकडे येता?"

जावई धापा टाकत आला. ग्लोव्हज काखेत, केसांत गवत.

"बघितलंत ना, आई? चार वर्षांनी."

"बघितलं. चौदाव्या ओव्हरचा चौथा चेंडू आठवतो तुम्हाला?"

"आता तो कुठून आठवणार?"

"तुमच्या ग्लोव्हजखालून गेला तो."

जावई हसायचा थांबला.

"बाय होती," त्या म्हणाल्या. "यांच्या वहीत नाही. धरली तर दोघांचे सारखे होतात."

"मग त्यांनी नीट लिहायचं होतं. वही त्यांची, माणूस त्यांचा."

"हात माझा होता ना."

"कसला हात?"

"पंच हाताची वाट बघत होते. मी वर केला. केला नसता तर ते थांबले असते, टेबलावर कुणी नाही हे बघितलं असतं. मी नसत्या जागी हात वर केला."

"आई, मॅच संपली. हात मिळवून झाले." त्याने आवाज खाली आणला. "पोरांकडे बघा जरा. आचारी आज सुट्टी मागून आलाय. कसं सांगू मी त्यांना?"

वहीबाईंनी पोरांकडे पाहिलं. आचारी न्हाव्याच्या खांद्यावर बसला होता.

"पंचांनी स्टंप गाडीत टाकले की मग काही करता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगता का मी सांगू?"

"तुम्हाला कुठे येते त्यांची भाषा?"

वहीबाईंनी दोन्ही वह्या छातीशी धरल्या आणि साडी घोट्यापाशी उचलून मैदानात चालायला लागल्या. पंच वाकून शेवटचा स्टंप उपटत होते. वहीबाई समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात उघडा करून डोक्यावर धरला. पंच हसले. निरोप असावा असं त्यांना वाटलं. पण हात खाली येईना, तेव्हा त्यांनी स्टंप ठेवला आणि चष्मा लावला.

वहीबाईंनी पेन्सिलीचं टोक आपल्या वहीतल्या त्रिकोणावर टेकवलं. मग दुसऱ्या वहीतल्या ठिपक्यावर. मग त्याच वहीत पुढच्या चेंडूवर. तो चेंडू चौकार होता आणि दुसऱ्याच फलंदाजाच्या नावापुढे लिहिलेला होता. धाव झाली नसेल, तर फलंदाजांनी जागा बदलल्या कशा? हे त्यांनी पेन्सिलीने दोनदा इकडून तिकडे जाऊन विचारलं. पंच बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवलं. वहीबाईंनी आपला हात वर केला, दुसऱ्या हाताने त्या हाताकडे बोट दाखवलं, आणि मान खाली घातली.

पंचांनी वही टाकून पळालेल्या फलंदाजाला बोलावलं. तो आठवू लागला. मग त्याचा चेहरा उजळला आणि त्याने तळहात जमिनीलगत नेऊन चेंडू कसा निसटला ते दाखवलं. सगळे जावयाकडे पाहायला लागले. जावयाने काखेतले ग्लोव्हज हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले.

"हो," तो त्या भाषेत म्हणाला. तेवढा शब्द वहीबाईंना कळत होता.

न्हाव्याने गाणं बंद केलं.

परतताना गाडीत औषधाच्या दुकानातला मागे बसला होता. दर रविवारी उतरताना तो वहीबाईंना नमस्कारासारखं काहीतरी करायचा. आज त्याने दार हळूच लावलं आणि तो निघून गेला. पुढे दोन सिग्नल लागले. दुसऱ्या सिग्नलला जावई म्हणाला,

"आई, पुढच्या रविवारपासून तुम्ही घरीच थांबत जा."

"बरं," वहीबाई म्हणाल्या.

हिरवा दिवा लागला तरी गाडी क्षणभर जागची हलली नाही. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा हलली.

लेकीने दार उघडलं. "कोण जिंकलं?"

"आईंना विचार," जावई म्हणाला आणि किटबॅग आणायला परत गाडीकडे गेला.

"कुणी नाही," वहीबाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. चहा सांडलेली साडी त्यांनी बदलली. वही पिशवीत घातली, पिशवी कपाटात सर्वांत खाली, स्वेटरांच्या मागे सारली. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता. सात आठवड्यांत त्यांनी त्या जिन्याच्या पायऱ्या मोजून काढल्या होत्या. एका मजल्याला अठरा. रविवार सोडून बाकी दिवस त्यांना ते काम होतं.

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग लेकीचा आवाज, मग जावयाचा, दाराबाहेरच, बराच वेळ. शब्द कळत नव्हते. एकदा लेक म्हणाली तेवढं ऐकू आलं, "बाबा काय करायचे माहीत आहे?"

खोलीच्या दारावर टकटक झाली.

जावई दारात उभा होता. एका हातात किटबॅग तशीच लटकत होती. दुसरा हात वाकवून त्याने खांद्याला बोटं टेकवली होती.

वहीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"ही शॉर्ट रनची खूण झाली, अपुऱ्या धावेची," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय त्याला दोन्ही हात लागतात."

जावयाने किटबॅग खाली ठेवली. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घेऊन विरुद्ध खांद्यांवर ठेवले आणि तो तसाच उभा राहिला.

वहीबाई कपाटापाशी गेल्या. स्वेटर बाजूला केले, पिशवी काढली, वही काढली, ती टेबलावर ठेवली. पेन्सिलीचं टोक बोटाने तपासलं आणि शार्पनर शोधला. जावई उभाच होता.

"त्यांचे खांदे दुखतील, आई," लेक बाहेरून म्हणाली.

"तुझे बाबा कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उभे राहायचे," वहीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात वर केला.