अकरा अंश

“काटा खोटं नाय बोलत, चाचा,” म्हणत निसारनं होकायंत्र मशिदीच्या फरशीवर ठेवलं. “आपली भिंत सरळ मावळतीला हाय. मक्का थोडी उजवीकडं. अकरा अंश.”

निसार कुवेतहून रजेवर आला होता. याकूबमियां फकी रोह्याच्या या जुन्या मशिदीत छत्तीस वर्षं बांग देत होते. ते वाकून काट्याकडे बघत राहिले.

“म्हंजे माझ्या बापानं जन्मभर भलतीकडं तोंड करून नमाज पढला?”

निसारनं होकायंत्र उचलून काटा पुन्हा एकदा तपासला.

गावात शाळा नव्हती तेव्हा अक्षरं याच ओसरीवर गिरवली जात. खाडीतून आलेला परका माणूस इथेच उतरे. वाटणीचे तंटे इथे मिटत, चंद्र दिसल्याची साक्ष इथे होई. याकूबमियांचा निकाहही इथलाच. सगळं त्या एका भिंतीकडे बघून.

शुक्रवारी जमात बसली. तरुण म्हणाले, भिंत पाडा. जुम्याचं प्रवचन, खुतबा, देणारे खतीबसाहेब शांतपणे म्हणाले, “भिंत राहूं दे. फरशीवर रेघा तिरप्या मारा, त्यावर उभे राहू. जुन्या लोकांना ठावं होतं तेवढं त्यांनी केलं. त्यांचा नमाज झाला. ज्याला कळलं, त्यानं वळायचं.”

रेघा मारायला पेणहून महिपती गवंडी आला. दोरी ताणताना तो हसला. “जन्मभर काटकोन सांभाळला, मियां. आज वाकडं काम करतोय, तर लोक बरोबर म्हणतात.”

“मग नीट वाकडं कर,” याकूबमियां म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कब्रस्तानात गेले. मयताला उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून निजवतात. इथल्या साऱ्या कबरी मशिदीच्या भिंतीवरून दिशा धरून खणलेल्या होत्या. त्यांच्या बायकोची, हलीमाचीही. तिच्या पश्चिमेची जागा त्यांनी स्वतःसाठी मागून ठेवली होती.

तिथून ते थेट खतीबसाहेबांच्या दारात गेले. “रेघा वळल्या. हिला कोण वळवणार?”

“तिला वळायची गरज नाय. ती बरोबरच हाय.”

“मग माझी पण तिच्यासारखीच खणा.”

खतीबसाहेबांनी मान हलवली. “तुमाला आता कळलंय, याकूबमियां.”

याकूबमियांनी उंबऱ्याशी काढलेल्या वहाणा पायांत सरकवल्या. मग “व्हय” म्हणाले आणि दुपारची बांग द्यायला निघाले. त्या दिवसापासून पहिल्या तिरप्या रेघेवर सगळ्यांत आधी तेच उभे राहत.

दोन वर्षांनी, १९८६च्या माघात, ते गेले. कबर खणताना पुन्हा रजेवर आलेल्या निसारनं होकायंत्र धरलं होतं. सरळ रांगेतली ती एकच कबर तिरकी आहे. पायांकडे हलीमाची कबर हातभर लांब राहिली. डोक्याकडे दोघांत चार बोटं माती आहे.