सगळं अंग एकदा बघून घ्या

मी एमआरआयच्या खोलीतला चुंबक बोलतोय. मधोमध आरपार बोगदा असलेलं ते पांढरं धूड म्हणजे मीच. वरचं पांढरं नुसतं कवच आहे. आत मैलोनमैल तार गुंडाळलेली आहे आणि ती इतक्या थंड द्रव हेलियममध्ये बुडवलेली आहे, की बर्फ त्यापुढे चुलीवरचं पाणी वाटावं.

मला झोप नाही. दिवे घालवा, दार लावा, माणसं घरी जाऊ द्या, माझी ओढ चालूच असते. लोखंड जवळ आलं की मी ओढणार. ते कुणाचं, कशाचं, हे मला कळत नाही. हा माझा स्वभाव आहे, आणि खोडही.

मला इथे आणलं तेव्हा दारातून मावेना, म्हणून भिंत फोडली. मग खोलीला सगळीकडून तांब्याचे पत्रे मढवले, बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून. एवढी बडदास्त पाहून मला वाटलं, आपण राजेच. नंतर कळलं, हा सगळा खर्च शेवटी माझ्या पोटात आडव्या होणाऱ्या माणसाच्या बिलात जातो.

माझं काम तसं सोपं आहे. माणसाच्या अंगात पाणीच पाणी. त्या पाण्याच्या बारीक कणांना मी एका ओळीत उभं करतो, यंत्राचे बाकीचे भाग त्यांना डिवचतात, आणि ते जे उत्तर देतात त्यातून पलीकडच्या पडद्यावर चित्र उमटतं. एक्स-रेसारखे किरण माझ्यात नाहीत. आवाज मात्र असा, की कुणी डोक्यावर पत्रे ठोकतंय.

माणसं मला फार मजेशीर वाटतात. ‘मी नाही घाबरत’ म्हणणारा, भीती वाटली तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा सगळ्यात घट्ट धरतो. एका बाईंनी विचारलं होतं, मनातलं काही दिसतं का हो यात? एक मास्तर तर त्या ठोकाठोकीत चक्क घोरले. त्यांना उठवावं लागलं.

बहुतेक जण एकेक प्रश्न घेऊन येतात. गुडघा का सुजलाय, मान का आखडते. पण काही वर्षांपासून एक नवीनच मागणी ऐकू येऊ लागली. ‘सगळं अंग एकदा बघून घ्या.’ डोक्यापासून पायापर्यंत. त्याला तासभर लागतो, हजारभर चित्रं निघतात, आणि ती एकेक करून डॉक्टरांना वाचावी लागतात. म्हणून ते महाग.

काहींच्या बाबतीत ते सोन्यासारखं कामाला येतं. एक मुलगी दर वर्षी येते. तिच्या घरात तीन पिढ्या कॅन्सरने गेल्या आहेत, आणि तो धोका तिच्या रक्तातच उतरलाय. तिला एकदाच नव्हे, वर्षावर्षाला बघायला हवं. हाडांच्या मगजाचा आजार असलेल्यांचा अख्खा सांगाडा एका दमात बघावा लागतो. पण एक धडधाकट बँकवाल्या बाई नुसत्या खबरदारी म्हणून आल्या. यकृतावर एक ठिपका दिसला. मग आणखी तपासण्या, सुई, रजा, चार महिने जिवाला घोर. शेवटी निघालं काय, तर जन्मापासूनचा रक्तवाहिन्यांचा एक निरुपद्रवी गुंता. जाताना ताईंना म्हणाल्या, “आले तेव्हा बरी होते.”

ताई म्हणजे माझ्या टेक्निशियन. त्यांच्याशिवाय माझं पान हलत नाही.

अशाच एका सकाळी एक टर्नर आला. एकतीस वर्षं लेथवर लोखंड कातत उभा राहिलेला, वय छप्पन्न, बोटांच्या पेरांत तेलाची काळी रेघ कायमची बसलेली. सगळ्या अंगाचा स्कॅन हवा म्हणाला. दुखतं काय, तर काहीच नाही. अडीच महिन्यांचा पगार त्याने आधीच काउंटरवर भरला होता. घरी मात्र गुडघा दाखवायला जातो असं सांगून निघाला होता.

माझं दार उघडं असलं की बाहेरच्या बाकावरचं सगळं मला ऐकू येतं. ताई आत उशी लावत होत्या. तेवढ्यात एक बाई आल्या आणि टर्नरच्या शेजारी बसल्या. त्याची बायको. धुवायच्या शर्टाच्या खिशात पावती सापडली होती. शांतपणे म्हणाल्या, “गुडघा सगळ्या अंगात पसरला का?”

“अगं, तसं नाही...” तो पुटपुटला. बायको समोर आली की लेथवरच्या वाघाचं मांजर कसं होतं ते मी तेव्हा ऐकलं.

ताईंचा एक नियम आहे. कागद भरून घेतला असला तरी आत नेण्याआधी सगळे प्रश्न तोंडी विचारायचे. हातात उशी घेऊनच त्या दारात आल्या आणि विचारू लागल्या. अंगात कुठे स्क्रू, धातूची पट्टी, पेसमेकर? नाही. लोखंड घासायचं काम करता, तर डोळ्यात कधी कण गेलाय?

“नाही. कधीच नाही,” तो म्हणाला. त्याला ते संपवून आत यायची घाई होती.

“अहो, तो कण?” बायको म्हणाली.

“कुठला कण?”

“धाकटीच्या शाळेचा पहिला दिवस होता. डावा डोळा लालबुंद घेऊन तिला सोडायला गेला होतात.”

“तो निघाला की.”

“निघाला असं तुम्ही म्हणालात. मी रुमालाच्या टोकाने काढत होते, तेव्हा टोकावर काही आलं नव्हतं. दोन दिवसांनी दुखायचं थांबलं, एवढंच.”

ताईंनी उशी खाली ठेवली आणि आधी माझं दार बंद केलं. मग त्याला शेजारच्या खोलीत डोळ्याच्या एक्स-रेला नेलं.

पुढचं मला ऐकू आलं ते ताई परत दार उघडून टेबल आवरत होत्या तेव्हा. डाव्या डोळ्यात, कडेला, खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला होता. लोखंडाचा. ताई त्या दोघांना समजावत होत्या, की टर्नर आत गेला असता तर तो कण जागचा हलला असता आणि डोळा जाऊ शकला असता. टर्नर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. बाकापासून माझ्यापर्यंत आठ पावलं आहेत. त्याने ती टाकली असती तर मी ओढलंच असतं. मला थांबता आलं नसतं. इतक्या वर्षांत मला स्वतःची भीती वाटली ती त्या दिवशी.

मग मोठ्या डॉक्टर आल्या. माझी चित्रं वाचतात त्या. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं नाही, बाकावरच त्याच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि विचारलं, की दुखत काहीच नाही तर हे कशासाठी?

तो आधी उडवाउडवी करत राहिला. शेवटी थोरल्या भावाचं सांगितलं. दोघं एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या लेथवर. भावाची कंबर दुखायची. उभं राहून दुखते म्हणून दोघांनी हसण्यावारी नेली. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत पसरलेला. गेल्या वर्षी, तीन महिन्यांत गेला. त्याचा लेथ आता दुसरा कुणी चालवतो, पण हा अजून तिकडे बघत नाही.

“आधी कळलं असतं तर वाचला असता ना?” त्याने विचारलं.

“कदाचित,” डॉक्टर म्हणाल्या. “पण कुठे शोधायचं हे ठाऊक असेल, तर आधी तिथेच शोधावं. तुमच्या भावाच्या आजारासाठी रक्ताची एक चाचणी आहे. ती करू. पुढे काही लागलं तर तेव्हाचं तेव्हा बघू.”

बायकोने मान फिरवून डोळे पुसले. तिला राग स्कॅनचा नव्हताच. वर्षभर तो हे एकटाच उराशी धरून बसला आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही, याचं तिला लागलं होतं. तसं ती त्याला म्हणालीही. भरलेले पैसे काउंटरवरून परत मिळाले, आणि दोघं रक्त द्यायला खालच्या मजल्यावर गेली.

दोन आठवड्यांनी दोघं पुन्हा आली. रक्ताचा निकाल चांगला होता. दर वर्षी एकदा बघत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, कण तिथे मुरलाय, नजरेला धक्का नाही, तूर्त छेडू नका. फक्त चुंबकाच्या खोलीत कधी पाय ठेवायचा नाही.

त्याने ताईंना विचारलं, लांबून बघितलं तर चालेल का? ताईंनी दार उघडलं आणि त्याला बाहेरच, जमिनीवरच्या धोक्याच्या पिवळ्या पट्टीच्या बऱ्याच मागे उभं केलं. तो मला न्याहाळत राहिला. आत तार आहे म्हणता, किती लांब? सांधे किती? वजन कशावर तोललंय? ताईंना निम्मी उत्तरं येत नव्हती. शेवटी तो स्वतःशीच म्हणाला, “एवढी तार एका ताणात गुंडाळायची म्हणजे हात पाहिजे. ज्याने केलंय, चांगलं केलंय.”

मला आजवर माणसं घाबरली, काहींनी हात जोडले, काहींनी बिलापायी शिव्या घातल्या. माझ्या घडणीला कुणी दाद दिली नव्हती.

“झालं बघून? चला आता,” बायको म्हणाली. दोघं गेली.

हजारो माणसं मी आतून पाहिली. या माणसाचं एकही हाड मी पाहिलेलं नाही, आणि तरी सगळ्यात जास्त तोच लक्षात राहिलाय. याचं मला अजून कुतूहल वाटतं.

आता माझं वय झालं. सुटे भाग मिळेनासे झालेत, हेलियम परवडेना. पुढच्या महिन्यात माझी ओढ कायमची उतरवणार आहेत आणि भिंत पुन्हा फोडणार आहेत. माझ्या जागी नवा चुंबक येईल. तो माझ्याहून वेगाने बघेल, माझ्याहून बारीक बघेल. त्याला भेटायला जरूर या, पण काय शोधायचंय ते डॉक्टरांशी बोलून या. आणि बाकावर शेजारी जे माणूस बसलेलं असेल ना, त्याला आधी विचारून बघा. तुमच्याबद्दलचं एखादं असं काही त्याला ठाऊक असेल, जे तुम्ही केव्हाच विसरून गेलात.