अडकलेली दारं

दारं अडकायला लागली तेव्हा आमच्या घरात आनंदीआनंद होता. आमचे हे सुतार. लोखंडी दारं निघाल्यापासून ह्यांच्या हाताला काम राहिलं नव्हतं, दिवसभर घरात बसून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे. आणि अचानक रोज कुणीतरी हाक मारायला लागलं. मिस्त्री, दार फरशीला घासतंय. मिस्त्री, कडी बसत नाही. हे रंधा घेऊन जायचे, दाराची कड तासून द्यायचे आणि शीळ घालत परत यायचे.

"एवढी दारं अडकतात कशी?" मी विचारलं.

"लाकूड फुगतं."

पाऊस नाही, हवेत ओल नाही, नळाला पाणी आलं तर शेजारणी एकमेकींना हाका मारून सांगतात, आणि म्हणे लाकूड फुगतं. कशाने, घामाने? पण नवरा घराबाहेर होता, मला शांतता होती. मी खोलात गेले नाही.

ह्यांच्याकडे सासऱ्यांच्या वेळची एक पाणसळ आहे. लाकडी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की समजायचं, सपाट आहे. ती भिंतीवर खिळ्याला लटकलेली असायची. दारं दुरुस्त करायला जाताना ह्यांनी ती कधी बरोबर नेली नाही. "चौकट असेल तसं दार तासायचं. गिऱ्हाइकाला दार उघडायला हवं असतं, बाकी त्याला काय करायचंय?" असं ह्यांचं म्हणणं.

सगळ्यात जास्त दारं अडकायची ती गवताच्या कंपनीच्या कॉलनीत. ही कंपनी शहराबाहेरच्या कोरड्या माळावर हिरवागार लसूणघास पिकवते, वाळवून त्याचे गठ्ठे बांधते आणि बोटीने परदेशी पाठवते, तिथल्या गाईंसाठी. त्या देशात म्हणे हा घास लावायलाच बंदी आहे, फार पाणी पितो म्हणून. शहाणी माणसं. आमचे मंत्री मात्र टीव्हीवर सांगतात, निर्यात वाढली की देश वर येईल. म्हणून निर्यात करणाऱ्याने जमिनीला हवं तेवढं खोल भोक पाडावं, कुणी विचारणार नाही. मग त्याच गाईंच्या दुधाची पावडर डब्यांतून इकडे येते आणि मी तिचा चहा करते. चहा बरा होतो, खोटं कशाला बोलू.

आमची एकुलती एक लेक त्याच कॉलनीत राहते. जावई कंपनीच्या पंपावर. लेकीला दिवस गेलेले, म्हणून एके दिवशी दोघांना जेवायला बोलावलं होतं. जेवता जेवता जावई म्हणाला, "आई, बोअरचा पाइप वर आलाय. पूर्वी भोवतीच्या सिमेंटच्या ओट्याच्या बरोबरीने होता, आता माझ्या गुडघ्याला लागतो."

हे हसले. "पाइप काय उगवतो का रे?"

"पाइप नाही हो बाबा. ओटा खाली गेलाय."

लेकीने पोटावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. लाकूड फुगत नव्हतं. खालचं पाणी उपसल्यामुळे घरंच्या घरं खाली बसत होती, आणि माझा नवरा त्यांची दारं तासून देत होता.

थोड्याच दिवसांत कंपनीचे साहेब आमच्याकडे आले. बोलणं इतकं गोड की आम्ही त्यांना पाठीमागे साखऱ्या म्हणतो. "मिस्त्री, परदेशातून एक बाई तपासणीला येतायत. गवत घेणाऱ्यांचा नवा नियम आहे, जमीन खचते तिथलं गवत घ्यायचं नाही. त्या कॉलनीतली घरं बघणार. दारं कशी अलगद उघडली पाहिजेत. सगळी."

ते गेल्यावर मी ह्यांच्यावर तुटून पडले. "पोरीचं घर खचतंय आणि तुम्ही दुसऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणार?"

"कंपनीच्या विहिरी बंद झाल्या तर जावई काय करेल? कोण देणार त्याला काम?"

"आणि उद्या छप्पर अंगावर आलं तर?"

दोन दिवस आमचं बोलणं बंद. मग हे आपणहून म्हणाले, "लेकीचं दार तेवढं सोडतो. रंधा लावत नाही. बाई ते ढकलेल, हलणार नाही, मग तिला कळेल काय ते."

तपासणीच्या दिवशी मी सकाळीच लेकीकडे गेले. तिच्या घराला दारच नव्हतं. रिकाम्या चौकटीत फुलाफुलांचा पडदा लावलेला. जावयाने आदल्या दिवशी दार बिजागऱ्यांतून काढून मागे नेऊन ठेवलं होतं.

"दारच नाही, तर अडकणार काय?" तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "आई, नोकरी गेली तर हे घरही जाईल. बाळाला कुठे ठेवू?" त्याला दोन लगावाव्यात असं वाटलं आणि त्याची दयाही आली.

बाई आली. उन्हाने लाल झालेली, चेहऱ्यावरून भली वाटली. सगळ्या घरांची दारं एका बोटाने उघडली होती तिने. आमच्या पडद्यापाशी थबकली आणि साखऱ्याला काहीतरी विचारलं. तो हसत हसत उत्तर देत होता. मला राहवलं नाही.

"दार अडकतं म्हणून काढलंय!" मी ओरडले. "जमीन खाली चाललीय, बाई! पाइपाजवळ जाऊन बघा!"

तिने साखऱ्याकडे बघितलं. त्याने तिच्या भाषेत तिला काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा उजळला. माझे दोन्ही हात हातात घेऊन तिने दाबले, लेकीच्या पोटाकडे बघून हसली आणि पुढच्या घराकडे गेली. जावयाने नंतर कंपनीत ऐकून सांगितलं. साखऱ्या म्हणाला होता, नातवंड येणार म्हणून म्हातारी आनंदाने वेडी झालीय.

कंपनीला प्रमाणपत्र मिळालं. नव्या विहिरींना मंजुरी मिळाली. मी मात्र कुणाचं ऐकलं नाही. जावयाशी भांडून लेकीला घरी घेऊन आले. आमचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथे ना कंपनी ना पंप. इथे पोरगी सुखाने बाळंत होईल, एवढंच मला हवं होतं. तिला आतली खोली दिली आणि मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दिवस भरत आले होते. एका दुपारी ती कडी लावून पडली होती. मी बाहेर भांडी घासत होते. तिची हाक आली, मग किंचाळी.

"आई, कळा येतायत! दार उघडत नाहीये!"

आतून तिने कडी काढली होती, मला आवाज आला. मी ढकललं, ह्यांनी ढकललं. दार जागचं हलेना. आत पोर विव्हळत होती. ह्यांनी धावत जाऊन पिशवीतून रंधा आणला.

"रंधा काय घेताय!" मी किंचाळले. "कुऱ्हाड आणा!"

ह्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते दार. ह्यांनीच फोडलं.

वेळेत पोचलो. मुलगी झाली, नाकीडोळी लेकीवर गेलेली. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी आतल्या खोलीच्या चौकटीला काहीच नव्हतं, नुसत्या बिजागऱ्या. मी म्हटलं, "नवं दार करा आता." हे भिंतीजवळ गेले, पाणसळ काढली, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि बाळाच्या पाळण्याजवळ फरशीवर ठेवली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. बुडबुडा सरकत सरकत एका टोकाला गेला आणि तिथेच राहिला. ह्यांनी पाणसळ फिरवून ठेवली, तरी तो त्याच भिंतीकडे गेला.

बाळ झोपलं होतं. लेक आमच्या तोंडाकडे बघत होती.

"सांगा ना," मी ह्यांना म्हटलं. "आता हिला कुठे न्यायचं?"