खाली बस

शाळेची गाडी ऐन सहलीच्या दिवशी रुसली आणि मुख्याध्यापकांनी सरळ हात झटकले. "सिटी बसने न्या, मुलांना तेवढाच अनुभव." अनुभव मुलांना आणि घाम संपदाबाईंना, हे काही ते बोलले नाहीत. तिसरीची बावीस मुलं, बाई आणि शाळेच्या मावशी बेबीताई, अशी वरात संग्रहालयाला निघाली.

कमानिया गेटला जी बस मिळाली तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं कशीबशी कोंबल्यावर कंडक्टर म्हणाला, "मैडम, पीछे वाली पूरी खाली है, उसमें ले जाइए." बाईंना हायसं वाटलं. दारातूनच त्या ओरडल्या, "खाली बस! खाली बस!" मुलं भराभर उतरून मागच्या बसमध्ये शिरली. पुढची निघून गेली.

सगळे बसल्यावर बाईंनी मुलं मोजली. एकवीस. पुन्हा मोजली, तरी एकवीसच. नव्हती ती दुर्वा. वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून महिन्यापूर्वीच साताऱ्याहून या हिंदी शहरात आलेली, वर्गात सगळ्यांत लहानखुरी.

"मैडम, वो तो नीचे बैठ गई," ऋग्वेद म्हणाला. त्याच्याही घरी मराठीच होती; पुढचं त्याच्या तोंडून मराठीतच निसटलं. "ड्रायव्हरच्या मागे. तुम्हीच म्हटलं ना, खाली बस."

बाकीच्या मुलांनी हिंदी ऐकलं होतं, रिकामी बस. दुर्वाने मराठी ऐकलं, आणि गुणी पोरीसारखी मोठ्यांच्या पायांत खाली बसली. जन्मभर दोन्ही भाषा बोलणाऱ्या बाईला एवढं कळू नये?

संग्रहालयाशी उतरताच बेबीताई म्हणाल्या, "तुम्ही निघा बाई. मी पाहून राहिले ना यांच्याकडे."

पुढे गेलेली ती बस शेवटच्या थांब्यापर्यंत, अधारतालला जाणार होती. बाईंनी ऑटो केली. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर त्या डोकावून पाहत होत्या, आणि प्रत्येक थांब्यावर कुणीतरी माणूस एका मुलीचा हात धरून चाललेला दिसत होता. दर वेळी मुलगी दुसरीच निघायची. दुर्वाच्या आईला काय सांगायचं? तुमची मुलगी माझ्या दोन शब्दांनी हरवली?

"भैया, थोड़ा जल्दी," त्या चौथ्यांदा म्हणाल्या.

अधारतालला बस उभी होती. प्रवासी सगळे उतरले होते. कंडक्टर दारातच भेटला. "अच्छा हुआ आप आ गईं. कब से पूछ रहा हूँ, नाम बताओ, स्कूल बताओ. बच्ची मुँह ही नहीं खोलती. गूँगी है क्या?"

दुर्वा ड्रायव्हरच्या सीटमागे जमिनीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. गालांवर अश्रू वाळले होते. बाई तिच्यापुढे मटकन बसल्या. त्यांना रडूच फुटलं.

"अगं, नाव तरी सांगायचं. बोलली काहून नाहीस?"

बाईंनी हात पुढे केला, तशी ती अंग चोरून मागे सरकली. बसमधल्या कुणालाही भ्यायली नव्हती एवढी ती आता भ्यायली होती.

"मला हिंदी येत नाही," ती हळूच म्हणाली. "आणि मराठी बोललं की तुम्ही बाकावर उभं करता."

"क्या कह रही है, मैडम?" कंडक्टरने विचारलं.

बाईंना हिंदीत काही सुचेना.