घरटी एक माणूस

“सोडा ती पाटी! सोडा म्हन्ते ना!” जागृती ओरडत होती आणि निकेत काही चिखल वाहायची पाटी सोडत नव्हता. एका कडेला तो, दुसऱ्या कडेला ती. नवराबायकोची ही ओढाओढ आमच्या सगळ्या आळीने उभं राहून पाहिली. आम्हाला तेवढंच पाहिजे असतं.

मध्यरात्रीच्या उधाणाने खाडीकडच्या बांधाला खांड पाडली होती. आता ओहोटी लागली होती म्हणून ठीक, पण दुपारची भरती चढायच्या आत खांड बुजली नाही तर खारं पाणी थेट भातात शिरणार. भात पोटरीला आलेलं. एकदा का जमिनीत मीठ बसलं की दोन-तीन पावसाळे ती काही देत नाही. म्हणून आमच्या गावाचा जुना शिरस्ता आहे, खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर. लग्नघर असो की सुतक, सूट कुणालाच नाही.

बांधावर चला, अशी गावाची हाळी देत बुधाजी आळीतून चालला होता. जागृतीने त्याला अडवलं.

“काका, ह्यांना न्हाय झेपायचं. मी येते ह्यांच्या बदली.”

मागून आमच्या आळीतला रघू आलाच. त्याच्या जिभेला हाड नाही. “घरात धडधाकट गडी बसवून बाईला चिखलात उतरवतेस? काय झायलंय त्याला? माझ्यापेक्षा दोन भाकऱ्या जास्त खातो.”

“डोक्याला मार हाय त्यांच्या!”

“शिमग्यात पडला तो. आता गनपती बसून उठलं.”

खरं सांगायचं तर रघू एकटाच असं बोलत नव्हता. शिमग्यात निकेत मामाच्या घोड्यावर बसून किनाऱ्यावर शर्यतीला उतरला होता. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, घोडा बिथरला आणि निकेतचं डोकं होडी बांधायच्या खुंट्यावर आपटलं. मुंबईच्या इस्पितळात कवटी उघडावी लागली. कितीतरी दिवस तो शुद्धीवर नव्हता. पुढे घरी आला, केस वाढले, टाक्यांची खूण झाकली गेली, आणि तिथंच घोटाळा झाला. हात गळ्यात बांधलेला असता तर गावाने मानलं असतं. हा तर हसायचा, प्रत्येकाला नावाने हाक मारायचा.

आतलं घरच्यांना ठाऊक. दोन माणसं एकदम बोलली की तो डोकं गच्च धरून बसायचा. एकदा भरलं ताट आईच्या, सखुबाईच्या अंगावर फेकलं आणि मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडला. हंडा भरायला बसला तर हंडा भरून वाहायचा, अंगणात चिखल व्हायचा, तरी हा बोअरिंगचा दांडा हाणतोच आहे. सुरू केलेलं काम थांबवणं त्याला जमत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, डोक्यातला ब्रेक अजून लागत नाही, वेळ द्या. जागृती हे चारचौघांत सांगायची आणि लोक म्हणायचे, बायकोने लाडावून ठेवलाय. तिला एवढंच हवं होतं की गावाने मानावं, माणूस अजून आजारी आहे. आणि त्याला एवढंच हवं होतं की गावाने मानावं, माणूस बरा झाला.

“मी जानार,” निकेत म्हणाला. “घरचा मानूस मी हाय.” पाटी हिसकून तो निघाला. ती मागोमाग.

बांधावर रांग लागली. खड्ड्यातून चिखलाचा गोळा उचलायचा, हातोहात पुढे द्यायचा, शेवटचा माणूस तो खांडीत दाबणार. निकेत माझ्या आणि रघूच्या मध्ये. आरडाओरडा भारी होता. सुरुवातीला त्याचं कपाळ आक्रसलं, दोन गोळे हातातून निसटले. जागृती पुढे झाली, मी तिला खुणेने थांबवलं. मग त्याला लय सापडली. माझ्याकडून घ्यायचा, रघूला द्यायचा. घे, दे. घे, दे. बघता बघता त्याच्या तोंडावर जुना निकेत दिसायला लागला. मला खरंच बरं वाटलं.

“बग गं!” रघू ओरडला. “येवढं महिनं आमाला गंडवत व्हतीस व्हय?”

जागृतीला हसावं की रडावं कळत नव्हतं.

भरतीच्या आधी खांड बुजली. “बास! झायलं!” बुधाजीने हात वर केले. माणसं पाय धुवायला निघाली. निकेत वाकला, पायाखालच्या ओल्या बांधातूनच चिखल उपसला आणि रघूपुढे धरला.

“घे.”

“आरं झायलं ना. पुरे आता.”

“घे!”

लोक हसले. त्यांना थट्टा वाटली. निकेत पुन्हा वाकला. चिखलातल्या कालवांच्या शिंपल्यांनी बोटं कापली, रक्त आलं, तरी तो उपसतच होता. डोळे रघूवर, पण त्यांना रघू दिसत नसावा. हसणं थांबलं.

“थांबता येत न्हाय त्यांना,” जागृती हळूच म्हणाली. “हेच सांगत व्हते मी.”

रघूने गोळा घेतला, बांधावर दाबला. दुसरा घेतला. मी खड्ड्यातला चिखल उचलून निकेतच्या हातात दिला, निदान केलेला बांध तरी उकरला जाऊ नये म्हणून. आम्ही तिघं कितीतरी वेळ तसेच राबत राहिलो, बाकीचे पाय न धुताच उभे. पाणी बांधाला टेकलं तेव्हा जागृती रघूच्या जागी येऊन उभी राहिली आणि तिने गोळ्याऐवजी निकेतचे हातच धरले.

“झायलं?” त्याने विचारलं.

“झायलं. चला घरी.”

तिचं म्हणणं गावाने मानलं. इतकं मानलं की रघूसुद्धा त्याच्याशी लहान पोराशी बोलावं तसा हळू बोलू लागला. निकेतला ते कळत होतं. तो ओट्यावर बसून राहायचा.

अवसेच्या उधाणाला पुन्हा खांड गेली. बुधाजीची हाळी आळीभर घुमत आली, पण निकेतच्या दाराशी आल्यावर त्याने आवाज बारीक केला आणि खाली मान घालून पुढे सटकला. ओट्यावर निकेत पाटी मांडीवर घेऊन बसला होता. हाळी पुढे गेली तसं त्याने पाटी बाजूला ठेवली.

जागृती चुलीपुढून उठून रस्त्यात आली. पिठाचे हात तसेच.

“ओ काका!” ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. “आमच्या घरचा मानूस ऱ्हायला की!”